वार्सितोंच्या कमरेचा क्याई बायू

साल होते एकोणीसशे चौऱ्याहत्तर. उसाचे गाळप सुरू व्हायला पंधरा दिवस उरले होते. क्लातेनच्या साखर कारखान्यामागच्या वस्तीत लग्नाचा मांडव पडला होता, आणि त्या मांडवात, तीनशे पाहुण्यांदेखत, एका मोठ्या माणसाने मला दोन्ही हातांवर उचलून कपाळाला लावले.

मित्रांनो, मी देव नाही. मी एक जुना सायकलचा पंप आहे. पितळेची नळी, लाकडाची मूठ, आत चामड्याची एक वाटी आणि टोकाला वीतभर रबर, एवढाच माझा संसार. माझे काम हवा भरण्याचे. तरी त्या दिवशी हे घडले खरे. ते का घडले हे सांगायचे तर वार्सितोंबद्दल सांगायला हवे, कारण माझी गोष्ट आणि त्यांची गोष्ट वेगवेगळी सांगता येत नाही.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशात झाला म्हणतात. मला त्यातले काही आठवत नाही. आठवते ते खोक्यातले गवत, जहाजाचे हेलकावे आणि मग एकदम क्लातेनच्या दुकानाच्या दारातले ऊन. एक्कावन्न साली वार्सितोंनी तिथून एक काळी, उंच सायकल घेतली. तिच्या दांडीला दोन चिमटे होते आणि त्या चिमट्यांत मी होतो. वार्सितो तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. नवे लग्न झालेले. कारखान्यात वजनकाट्यावर बसत. उसाची गाडी आली की काट्याकडे बघायचे आणि वजन ओरडून सांगायचे, हे त्यांचे काम. आवाज असा खणखणीत, की गाडीवान म्हणत, ‘यांनी सांगितलं की ऊससुद्धा ताठ होतो.’

पहिल्याच वर्षी माझी मूठ फुटली. दुसरा कोणी असता तर त्याने नवा पंप आणला असता. वार्सितोंनी फणसाच्या लाकडाची मूठ कोरली, नेमकी त्यांच्या तळहातात बसेल अशी. चामडे झिजले तेव्हा जुन्या वहाणेचा पट्टा कापून, तेलात भिजवून, त्याची वाटी वळवून आत बसवली. रबर तर किती वेळा बदलले त्याला गणती नाही. असे होता होता माझ्यात परदेशची फक्त पितळी नळी उरली. बाकीचा मी सगळा वार्सितोंच्या हातचा. दर शुक्रवारी ते माझा दांडा बाहेर ओढत आणि चामड्यावर खोबरेलाचा एक थेंब सोडत. एकच. ‘जास्त पाजलं तर माजेल,’ म्हणत.

त्या काळी आमच्याकडे सायकली फारशा चोरीला जात नसत, पंप जात. म्हणून सायकल कुठेही टेकवली की वार्सितो मला चिमट्यांतून काढत आणि मागे कमरेला, सारोंगच्या म्हणजे लुंगीच्या गाठीत, पाठीशी तिरका खोचून ठेवत. बाजारात तसेच, मशिदीच्या अंगणात तसेच, कारखान्यातही तसेच. पुढे पुढे हात आपोआपच मागे जाऊ लागला. चष्मा कपाळावर ठेवून माणूस घरभर चष्मा शोधतो ना, तसे व्हायचे. पाठीशी मी असताना ते विचारत, ‘बुने, पंप पाहिलास का?’

बुने म्हणजे त्यांच्या पत्नी, बू कासिला. पोरीची आई म्हणून ‘बुने’. त्याही नवऱ्याला नावाने हाक मारत नसत. पोरीचे बाप म्हणून ‘पाकने’ म्हणत.

‘पाकने, तो पंप तुमच्या पाठीला फुटलाय. आता पालवी तेवढी यायची राहिली!’

वार्सितोंचे छंद मी किती सांगू? त्यांना होले पाळायचा नाद होता. गाणारे होले. त्यांच्या स्पर्धा लागत, उंच बांबूंवर पिंजरे चढवत आणि पंच खाली बसून कान देत. एके काळी आमच्याकडे असे अकरा होले होते. भातकापणी झाली आणि वारा सुटला की पतंग. साधे नव्हेत, डोक्यावर पातीचे धनुष्य बांधलेले, आकाशात गेले की गुंगुं गात राहणारे. गाणेबजावणेही होते. शेजारचे जुमेनो व्हायोलिन वाजवत आणि वार्सितो चुक वाजवत. चूक नव्हे, चुक. चार तारांची चिमुकली गिटार असते, तिचे आमच्याकडचे नावच तसे. पण वार्सितो वाजवू लागले की दोन्ही शब्द लागू पडत. शिवाय मासे होते. शिवाय लोकांनी टाकून दिलेली घड्याळे होती. भिंतीवर चौदा घड्याळे आणि चौदा वेळा.

‘या घरात किती वाजले ते कारखान्याच्या भोंग्याला विचारायचं,’ बू कासिला म्हणत.

आणि या सगळ्यांत मी होतो, बरे का. घड्याळाच्या चाकांतली धूळ मीच उडवायची. कोळसे फुलवायला मी. वस्तीतल्या पोरांचे फुटबॉल मीच फुगवायचे. एका उन्हाळ्यात हौदातले पाणी तापून मासे वर तोंड काढू लागले, तेव्हा वार्सितोंनी माझे रबर पाण्यात सोडले आणि सबंध दुपार दट्ट्या मारत बसले. मधे मधे वुर्यानी मारायची, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा सात वर्षांची. दोघे आळीपाळीने शंभर शंभर मोजत होते. मासे वाचले. माझे चामडे गेले. संध्याकाळी नवे बसले.

लोक म्हणत, एवढे छंद असलेल्या माणसाचे घराकडे लक्ष कुठून असणार? मी तुम्हाला सांगतो, मी सदैव त्यांच्या पाठीशी होतो म्हणून मला ठाऊक आहे. त्यांनी एकही छंद एकट्याने केला नाही. पतंग उडवायचा तर दोरा वुर्यानीच्या हातात. होल्याने बक्षीस मारले तर ते बू कासिलाच्या नावावर. गाणे बसवायचे तर स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे त्यांना आतून चुका काढता याव्यात.

फक्त एक गोष्ट त्यांच्यापाशी नव्हती. आमच्याकडची जुनी माणसे सांगत, की पुरुष पुरा व्हायला पाच गोष्टी लागतात: घर, बायको, घोडा, पक्षी आणि क्रिस. क्रिस म्हणजे घराण्याचा खंजीर. लग्नकार्यात तो मागे कमरेला खोचतात. वार्सितोंच्या घराण्याचा क्रिस थोरल्या भावाकडे, कार्योंकडे होता. बू कासिला बोटे मोडून हिशेब सांगत, ‘घर गळतंय, घोडा दोन चाकांचा, पक्षी अकरा आणि क्रिस शून्य. बायको एकच आहे, ते माझं नशीब!’

वुर्यानी मोठी झाली, शिक्षिका व्हायला सोलोला गेली, आणि तिथे तिची विनार्नोशी ओळख झाली. मुलगा चांगला होता. पण त्याचे वडील राडेन मार्तो म्हणजे सोलोत दबदब्याचे गृहस्थ. क्रिसची पारख करणारे. लोक लांबून लांबून आपले क्रिस घेऊन त्यांच्याकडे येत, आणि ते पाते बघून मालकाचा स्वभाव सांगत. ते मुलगी बघायला आमच्याकडे आले तो दिवस मी विसरणार नाही. ताठ बसले. अकरा पिंजऱ्यांकडे पाहिले. छताला टांगलेल्या पतंगांकडे पाहिले. इतक्यात चौदांपैकी पाच घड्याळांनी पाच वेगवेगळे टोले दिले. राडेन मार्तोंनी ते सगळे संपेपर्यंत वाट पाहिली.

‘घरात वस्तू पुष्कळ आहेत,’ ते म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, ‘क्रिस दिसत नाही.’

‘थोरल्या भावाकडे असतो,’ वार्सितो म्हणाले. ‘लग्नात येईल.’

‘पाहायला आवडेल मला. मी माणसाला त्याच्या वस्तूवरून ओळखतो.’

ते गेले. जाताना होकार दिला, पण दात आवळून दिल्यासारखा. सायकल विहिरीपाशी टेकलेली होती, मी नेहमीच्या जागी पाठीशी होतो, आणि वुर्यानी बापाजवळ आली.

‘बापाक, एक मागू?’

‘माग की, नोक.’ लाडात आले की ते तिला नोक म्हणत.

‘लग्नाच्या दिवशी खेळणी नकोत. पक्षी नको, चुक नको, खिशात घड्याळाची चाकं नकोत. त्यांच्या घरी सगळे मला विचारतात, तुझे वडील खेळण्यांचं दुकान चालवतात का म्हणून. मी हसून घालवते. पण त्या दिवशी नको. एकच दिवस.’

 

‘एकही खेळणं नाही. शब्द,’ ते म्हणाले. आणि त्यांचा हात सवयीने मागे गेला आणि माझ्या मुठीवर थांबला.

लग्नाच्या सकाळी कार्यो क्रिस घेऊन येणार होते. आला तो त्यांचा निरोप. आमच्याकडे सात वारांच्या जोडीला पाच दिवसांचा बाजाराचा आठवडाही मोजतात, आणि त्या दिवशी होता पोन. ‘पोनच्या दिवशी मी उत्तरेला पाऊल टाकलं तर क्रिस रुसेल. तूच येऊन घेऊन जा,’ असे थोरल्या भावाने कळवले होते.

‘रुसेल!’ बू कासिला कडाडल्या. ‘लोखंडाला रुसायला यांच्या घरीच जमतं! वाजले किती?’

कोणीही भिंतीकडे पाहिले नाही.

वार्सितो लग्नाच्या पोशाखात तयार होते. काळा कोट, खाली बातिकचे वस्त्र, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर टोपी. तसेच सायकलवर बसले. बारा किलोमीटर जायचे आणि बारा यायचे. जाताना काही झाले नाही. कार्योंनी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला क्रिस दिला, त्याला काय आवडते आणि काय नाही ते समजावून सांगितले. वार्सितोंनी तो मानाने मागे पट्ट्यात खोचला आणि निघाले. अर्ध्या वाटेत उसाच्या धारदार बुडख्यावरून मागचे चाक गेले आणि हवा सुटू लागली.

पंक्चर काढायला वेळ कुठला? त्यांनी मला काढले, हवा भरली आणि मला नेहमीसारखे मागे खोचायला गेले, तर तिथे क्रिस. पुन्हा लागणार म्हणून मी हाताशी हवा होतो. तेव्हा त्यांनी काय केले? क्रिस फडक्यासकट सायकलच्या चिमट्यांत बसवला आणि मला पट्ट्यात खोचले. पुढच्या वेळेपुरते. किलोमीटरभराने पुन्हा उतरले, हवा भरली, मला खोचले. पुढे आणखी एकदा. मित्रांनो, भराभर हवा भरली की माझी नळी तापते. मी त्यांच्या पाठीला चटके देत होतो आणि ते पाय मारत होते.

मांडवात पोचले तेव्हा नवरदेव दारात उभा होता. सायकल भिंतीला टेकली न टेकली तोच बायकांनी त्यांना हाताला धरून आत ओढले. ‘क्रिस आणला का?’ बू कासिलांनी विचारले. वार्सितोंनी हात मागे नेला. मूठ हाताला लागली. ‘आहे!’ ते म्हणाले.

म्हणजे बघा, क्रिस माझ्या जागी होता आणि मी क्रिसच्या जागी.

समोरून कोणालाच काही दिसले नाही. पण आमच्या लग्नात एक विधी असतो. वधूचा बाप पुढे चालतो. नवरानवरी त्याच्या कोटाची दोन टोके धरून मागून येतात. त्यांच्या मागे आई, दोघांच्या खांद्यांवरून लाल कापड पांघरून धरते. अशी ती वरात आसनापर्यंत जायची. बाप वाट दाखवतो, असा त्याचा अर्थ. तेव्हा बापाची पाठ कोणाच्या डोळ्यांसमोर येते ते तुमच्या लक्षात आले असेलच.

गामेलान, म्हणजे आमच्याकडचा घंटा-झांजांचा ताफा, वाजू लागला. वुर्यानीने खाली घातलेली मान किंचित वर केली, आणि मी तिला दिसलो. फणसाची मूठ, पितळेची नळी, लोंबणारे रबर. हसू दाबता दाबता तिचा कोटाला धरलेला हात थरथरू लागला.

वार्सितोंना ती थरथर कळली. मागे वळायचे नसते. ते ओठ न हलवता पुटपुटले, ‘रडू नको, नोक.’

‘बापाक... पंप.’

‘हो, हो.’

‘बापाक, पंप!’

‘भरली हवा. तीनदा भरली. तू काळजी करू नकोस.’

विनार्नोच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याने तो खोकल्यात लपवला. मागून बू कासिलांनी पाहिले आणि त्यांच्या हातातल्या लाल कापडाला हिसका बसला. मग पहिल्या रांगेतल्या मावश्यांना दिसले, मग दुसऱ्या रांगेला, आणि हसू वाऱ्यासारखे मांडवभर पसरले. वार्सितो मात्र ताठ मानेने, अगदी संथ पावलांनी लेकीला आसनाकडे नेत होते. लोक इतके खूश आहेत हे पाहून त्यांचाही चेहरा उजळला होता.

नवरानवरी बसली. आणि राडेन मार्तो उठले.

हसू थांबले. गामेलान वाजवणाऱ्यांचे हातही जागीच राहिले. मी वुर्यानीकडे पाहिले. आता ती हसत नव्हती. ‘एकच दिवस’ मागितला होता तिने.

‘वार्सितो, जरा वळा,’ राडेन मार्तो म्हणाले.

ते वळले. राडेन मार्तोंनी मला पट्ट्यातून काढले. वार्सितोंनी मान मागे फिरवून त्यांच्या हातात काय आहे ते पाहिले, आणि त्यांच्या तोंडचा रंगच उडाला.

‘तो... क्रिस सायकलला... हे मी...’ काट्यावर खणखणणारा तो आवाज, पण त्याला पुढचे शब्द सापडेनात. मग ते आसनाकडे वळून एवढेच म्हणाले, ‘नोक, मुद्दाम नाही गं केलं.’

राडेन मार्तोंनी मला दोन्ही तळहातांवर आडवे घेतले. पारखी क्रिस घेतो तसे. मुठीवरून अंगठा फिरवला.

‘फणस. कोणी कोरली?’

‘मीच.’

‘किती वर्षं झाली?’

‘बावीस.’

त्यांनी दांडा चार बोटे बाहेर ओढला, म्यानातून पाते काढावे तसा सावकाश, आणि वास घेतला. ‘खोबरेल.’

‘दर शुक्रवारी एक थेंब,’ वार्सितो खाली बघत म्हणाले.

‘गरम आहे.’

‘वाटेत चाक बसलं. तीनदा...’

राडेन मार्तोंनी मला उजेडात फिरवून पाहिले. मग पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागले. ‘पातं सरळ. वळण एकही नाही. पितळ रोज हाताळलेलं, डाग नाही. चामडं लोण्यासारखं मऊ.’ मग पाहुण्यांकडे वळले. ‘माझ्या घरी बारा क्रिस आहेत. त्यांतले दोन मी तेल लावायला विसरलो, ते गंजले. आणि बारांतला एकही आजवर कामाला गेलेला नाही.’

मग त्यांनी विचारले, ‘नाव काय याचं?’

आमच्याकडे मानाच्या वस्तूला नाव ठेवतात आणि नावाआधी ‘क्याई’ लावतात, महाराज म्हणावे तसे. पण पंपाला नाव कोण ठेवतो?  सगळा मांडव वाट बघत होता.

आमच्याकडे नवरीने बोलायचे नसते. मान वर करायची नसते. वुर्यानीने मान वर केली आणि स्वच्छ आवाजात सांगितले, ‘क्याई बायू.’

बायू म्हणजे वारा.

‘क्याई बायू,’ राडेन मार्तो म्हणाले, आणि त्यांनी मला उचलून कपाळाला लावले. मग स्वतःच्या हाताने वार्सितोंच्या पट्ट्यात मला परत खोचले, तिरके, जसे हवे तसे. तेव्हा मांडवात जे हसू फुटले ते आधीच्या हसण्यासारखे नव्हते. वुर्यानीच्या डोळ्यांतले काजळ गालांवर आले होते, आणि ती बापाकडे बघून हसत होती.

दुपारी जुमेनो बाहेरून ओरडत आले, ‘कांग वार्सितो! तुझ्या सायकलीला कोणीतरी पंपाऐवजी तलवार लावून गेलंय!’

मला वाटते त्या दिवसानंतर दोन्ही घरे एक झाली. राडेन मार्तो महिन्यातून एकदा आमच्याकडे येऊ लागले, आधी लेकासुनेची खुशाली सांगायला, मग काहीच न सांगता. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी पहिला पतंग उडवला. दोरा तुटला तेव्हा हातातली काठी टाकून शेतातून धावले. त्यांनी माझ्यासाठी कोरीव घोडी आणि पिवळे रेशमी फडके पाठवले होते. वार्सितोंनी घोडीवर होल्याचा पिंजरा ठेवला आणि फडक्याने घड्याळे पुसली. मी सायकलीवरच राहिलो, आणखी पंचवीस वर्षे.

त्या वर्षांत घरी एक मैना आली, बोलणारी. पण ती माणसांसारखे काही शिकेना. ती शिकली माझा आवाज. फुस्-फुस्, फुस्-फुस्, थेट माझ्यासारखा. वार्सितो अंगणात हवा भरायला लागले की आतून बू कासिलांची हाक ठरलेली, ‘पाकने, जेवायला या!’ मैना सगळे ऐकत असायची, पण बोलायची ते फक्त माझे.

नव्व्याण्णव सालच्या आरंभी वार्सितो गेले. त्र्याहत्तर वर्षांचे होते. शेवटच्या आठवड्यातही एक घड्याळ उघडे होते त्यांच्यापुढे. मी त्या दुःखाबद्दल फार बोलणार नाही. ते आनंदी माणूस होते आणि त्यांची आठवणही तशीच काढावी असे मला वाटते.

मग मात्र मित्रांनो, माझा फार मोठा मान झाला. मला रेशमी फडक्यात गुंडाळून, घोडीवर चढवून काचेच्या कपाटात ठेवले. सुरो महिन्यात लोक घरचे क्रिस काढून फुलांच्या पाण्याने पुसतात, तसे मलाही वरून पुसत. पाहुणे आले की गोष्ट सांगत. सगळे प्रेमाने करत होते. पण दांडा कोणी ओढला नाही. आत कोणी डोकावले नाही. शुक्रवार आले आणि गेले. माझे चामडे सुकले, आकसले, नळीच्या भिंतीपासून सुटले. हवा भरणे म्हणजे काय हे मी विसरत चाललो. बाहेर पिंजऱ्यात मैना रोज माझा आवाज काढायची, आणि मला वाटायचे, आता खरा पंप तीच.

हजारावा दिवस उजाडला. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे हजार दिवस मोजतात आणि त्या दिवशी थडग्यावर दगड बसवतात. वुर्यानी आणि विनार्नो सोलोहून आले. जुमेनो व्हायोलिन घेऊन आले. आपेमची धिरडी तव्यावर होती. ठरले होते, की सगळ्यांच्या पुढे वार्सितोंची सायकल न्यायची, विनार्नोने ढकलत. पण दोन्ही चाके बसलेली. विनार्नोने नवा पंप आणला, तर त्याचे तोंड त्या जुन्या व्हॉल्व्हला बसेना. दुसरा आणला, तोही नाही.

बू कासिला उठल्या, सत्तर वर्षांच्या. कपाट उघडले.

‘बू, नको!’ वुर्यानी म्हणाली. ‘क्याई बायूला नको. चामडं फाटेल. बापाकची आठवण आहे ती.’

‘अगं, पंप आहे तो,’ बू कासिला म्हणाल्या. ‘हवा भरायला आणलाय, काचेतून बघायला नाही. तुझ्या बापानं याला एक दिवस तरी बसवून खायला घातलं का?’

त्यांनी मला लावले आणि दट्ट्या मारला. काही नाही. पुन्हा मारला. कोरडी खरखर. वुर्यानीने तोंड फिरवले. खरे सांगतो, मला आयुष्यात तेवढी लाज कधी वाटली नव्हती, लग्नाच्या मांडवातही नाही.

बू कासिलांनी दांडा बाहेर ओढला. कोनाड्यातली डोक्याला लावायच्या खोबरेलाची बाटली घेतली आणि एक थेंब सोडला. मग माझ्याकडे पाहून आणखी चार. ‘हजार दिवसांचा उपाशी आहे,’ म्हणाल्या. बोटाने तेल चोळले आणि चामडे हळूहळू पसरवत बसल्या. धिरडी करपल्याचा वास आला. कोणी उठले नाही.

मग दांडा आत गेला. मला आतून काहीतरी घट्ट होताना जाणवले.

फुस्.

फुस्-फुस्.

चाक फुगू लागले. जुमेनोंनी टाळी वाजवली. आणि पिंजऱ्यातली मैना, जी सोळा वर्षांत माझ्याखेरीज कोणाचा शब्द बोलली नव्हती, तिने मान तिरकी केली, माझा आवाज ऐकला आणि त्या जुन्या दिवसांतल्या बू कासिलांच्या आवाजात ठणठणीत हाक मारली, ‘पाकने, जेवायला या!’

 पहिल्यांदा हसल्या त्या बू कासिलाच. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदरासारखे ओढणीचे टोक लावले. ‘येतील हो, येतील,’ त्या मैनेला म्हणाल्या. ‘हवा भरून होऊ दे त्यांची.’

सायकल त्या दिवशी पुढे गेली. मी तिच्या चिमट्यांत होतो.

आता सगळ्यांचे काय झाले ते सांगतो. राडेन मार्तो तेव्हा हयात नव्हते. ते आठ वर्षांपूर्वीच गेले होते, आणि त्यांच्या बाराही क्रिसांना शेवटपर्यंत तेल होते. कार्योंनी क्रिस परत नेला. पोनच्या दिवशी ते कधीच उत्तरेला गेले नाहीत आणि नव्वद वर्षे जगले. जुमेनोंच्या बोटांनी साथ सोडली, तेव्हा त्यांनी व्हायोलिन विनार्नोला दिले. तो आजही बेसूर वाजवतो आणि वुर्यानी स्वयंपाकघरातून चुका काढते. ती शाळेतून निवृत्त झाली आणि तिने होले पाळले आहेत. किती, ते ती सांगत नाही. मैना त्या हाकेनंतर तीन वर्षे जगली आणि जेवणाच्या वेळी एकदाही चुकली नाही. बू कासिला दोन हजार बारा साली गेल्या. त्या गेल्यावर घड्याळे लावायला घेतली तर चौदाही चालत होती. चोरून किल्ली कोण देत होते ते तेव्हा सर्वांना कळले.

आणि मी? मी वुर्यानीच्या अंगणात सायकलीला लागलेला असतो. वस्तीतली पोरे फुटबॉल घेऊन येतात. मूठ पुन्हा थोडी चिरली आहे, पण धरवते. दर शुक्रवारी मला एक थेंब मिळतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटात कोणाची तरी आवडती वस्तू जपून ठेवलेली असेल. तिच्यावरची धूळ पुसता हे चांगलेच आहे. पण कधीतरी तिला बाहेर काढा, आत एक थेंब तेल सोडा आणि तिला तिचे काम करू द्या. ती काय आवाज करते ते ऐका. कदाचित आतून कोणीतरी जेवायला हाक मारील.